निर्डंख प्रमाणपत्र

माझ्याकडे मधपेट्या बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी जमिनीवर बसवते. कलेक्टर असो नाहीतर कॉलेजची पोरं, पेटीपासून चार हातांवर मांडी ठोकायची आणि पंधरा मिनिटं तोंड बंद. फोन नाही, सेंट नाही, आणि सकाळी केळं खाल्लं असेल तर आल्या पावली परत. मग अंगात पांढरा झगा, डोक्यावर जाळी, आणि पेटीचं झाकण त्यांनीच उचलायचं. मी नुसती माश्या शांत ठेवायचं धुराडं घेऊन शेजारी उभी. माश्यांनी भरलेली चौकट पहिल्यांदा हातात आली की भलेभले डोळे मिटून घेतात. दहातल्या एकाला माशी चावतेच. मी नखानं काटा खरवडून काढते आणि म्हणते, "झाली ओळख. आता मध खा."

मी ताराबाई ढेबे. महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला आमची गेळवाडी, आणि वाडीच्या वरच्या उतारावर माझ्या बावीस पेट्या. माश्या सातेरी जातीच्या, आमच्या डोंगरातल्याच, बाहेरून आणलेल्या नव्हेत. तीस वर्षं हा कारभार असाच चाललाय.

पण २०४१ साली एका पाहुण्याचा ओठ सुजला. त्यानं त्या ओठाचे फोटो जगभर पाठवले आणि मधुपर्यटन प्राधिकरण नावाच्या हापिसाला एकदम जाग आली. नियम निघाला. २०४३च्या दिवाळीपासून 'निर्डंख प्रमाणपत्र' नसेल तर पाहुणे घ्यायचे नाहीत. म्हणजे पेटी उघडा, चौकट धरा, मध काढा, पण माशीनं चावायचं नाही! चुलीपाशी बसायचं आणि धग लागता कामा नये, त्यातलाच प्रकार. त्या कागदाचा बोळा करून मी चुलीतच घातला असता. घातला नाही, कारण ज्या यंत्रावर ते प्रमाणपत्र मिळतं, ते यंत्र माझ्या पोटच्या पोरीनं बनवलंय.

सानिका चौदा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. पोरीला माश्यांचं भलतं वेड. शाळेतून आली की दप्तर फेकून थेट पेट्यांकडे. शंभरदा माशी चावली असेल तिला, कधी रडली नाही. त्या मे महिन्यात मानेवर एक चावली आणि दहा मिनिटांत पोरीचे ओठ निळे पडले, घसा आवळला, डोळे फिरले. जीपमधून वाईला नेलं. डॉक्टर शेवाळ्यांनी इंजेक्शन दिलं म्हणून वाचली. ते म्हणाले, "ताराबाई, हिच्या शरीराला आता त्या विषाचं वावडं झालंय. पुढच्या वेळी ही माझ्यापर्यंत पोचेल याची खात्री धरू नका."

पेट्या विकून टाक, असं सगळी वाडी सांगत होती. पेट्या विकता आल्या असत्या हो, पण डोंगर कसा विकणार? आमच्याकडे झाडाच्या ढोलीत माश्या, कड्याला माश्या, देवळाच्या भिंतीत माश्या. शिवाय सानिकाचे वडील ती तीन वर्षांची असतानाच गेलेले, आम्हा दोघींचं पोट त्या पेट्यांवरच. मी पोर वाईला बहिणीकडे ठेवली. मग पुण्याला गेली तरी आमची भेट वाईलाच. अठरा वर्षं दर मंगळवारी मी वाईला जायची. डोक्यावरून न्हायचं, आणि स्टँडवरच्या बायकांच्या खोलीत लुगडं बदलायचं, कारण निऱ्यांत एखादी माशी अडकून यायची. एकदा खरंच आली. सानिका भरल्या ताटावरून उठून पळाली आणि न्हाणीघराची कडी लावून बसली. आत माझी पोर रडतेय, बाहेर मी, आणि मला तिच्या पाठीवरून हात फिरवता येत नाही. असा मंगळवार कुणाच्या वाट्याला येऊ नये.

तर त्या न्हाणीघरातल्या पोरीनं पुढे माशीच्या वासावर संशोधन केलं. तिनं मला जसं समजावलं तसंच सांगते.

माशी चावते तेव्हा तिच्या नांगीतून एक वास सुटतो. आयसोपेंटाइल ॲसिटेट म्हणतात त्याला. पिकलेल्या केळ्यात असतो तोच हा वास, म्हणून तर मी केळ्याला हाकलते. हा वास म्हणजे माश्यांची बातमी आहे, की शत्रू आलाय, धावा. दुसऱ्या माशीच्या मिशांवर या वासाची बारीक बारीक कुलपं असतात. वासाचा रेणू किल्लीसारखा आत बसला की माशी पेटून उठते. सानिकाचं यंत्र काडेपेटीएवढं, पेटीच्या झाकणाखाली बसतं. त्याच्या एका बाजूला माशीच्या मिशीतलंच प्रथिन प्रयोगशाळेत वाढवून लावलेलं. ते हवेतला धोक्याचा वास अर्ध्या सेकंदात ओळखतं, आणि लगेच दुसऱ्या बाजूनं वेगळा रेणू सुटतो. हा रेणू त्याच कुलपात जाऊन बसतो, पण फिरत नाही. किल्ली आत मोडावी तसं होतं, खरी किल्ली मग जातच नाही. थोडा रेणू तर सतत पाझरतच असतो, त्यामुळे पहिली माशीसुद्धा चिडत नाही. यंत्राचं नाव ठेवलं शांतक.

हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आई, आता मला घरी येता येईल."

या एका वाक्यासाठी मी बावीस काय, बावीसशे पेट्यांत ते यंत्र बसवलं असतं.

आश्विनात ती आली. सात वर्षांनी फुलणारी कारवी त्या साली फुललेली, सगळा डोंगर जांभळा. गुरुवारी दुपारी ती दारात उभी राहिली आणि उंबऱ्यावर पाय ठेवताना चौदा वर्षांची असल्यासारखी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "ये की आत, पाव्हणी आहेस होय?" मग आम्ही दोघी जी रडलो! नाचणीची भाकरी, अंबाडीची भाजी, चार भाकऱ्या खाल्ल्यान् पोरीनं. रविवारी तपासणी होती. प्राधिकरणाचे कुलथे साहेब यायचे होते, आणि यंत्राची संशोधक म्हणून सानिकाची सही लागायची होती. त्यानंतर पुढच्या सगळ्या सुट्ट्या ती इथंच काढणार होती.

ती यायच्या आदल्या दिवशी मी शांतक सगळ्या पेट्यांत बसवलं होतं. रानातल्या एखाद्या चुकार माशीसाठी ती कमरेच्या पिशवीत इंजेक्शन बाळगायचीच. फक्त एक ढोली राहिली. जांभळाचं पोकळ खोड, माझ्या सासऱ्यांच्या वेळचं, त्यात माश्या राहतात. त्याला ना झाकण ना चौकटी, यंत्र बसवायचं कुठं? ती ढोली मी गोठ्यामागं लांब नेऊन ठेवली आणि सानिकाला दम भरला, "तिकडं फिरकायचं नाही."

आता माझी चूक सांगते. शुक्रवारी सकाळी पेट्यांपाशी गेले तर एक मोठी गांधीलमाशी घिरट्या घालत होती. अंगठ्याएवढी, काळी, पोटावर एकच पिवळा पट्टा. एरवी ती दिसली की दारातल्या माश्या एकदम पोटं हलवतात, सगळ्या फळीवर सळसळ उठते, की बघ, आम्ही तुला पाहिलंय. त्या सकाळी काही नाही. अफू दिल्यागत बसलेल्या. मला सगळं समजलं. तीस वर्षं माश्यांत काढलीत, समजणार नाही? आणि मी गप्प बसले. बॅडमिंटनची रॅकेट घेऊन त्या गांधीलमाशीला आडवी केली. शनिवारी चार मारल्या. सानिका उठायच्या आत मेलेल्या गवतात टाकून दिल्या. पोर घरात निजली होती, मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं. माश्यांशी मी केलेली ही पहिली लबाडी.

रविवारी पुण्याचे आठ पाहुणे आले. मी त्यांना बसवलंच, नियम तो नियम. तेवढ्यात कुलथे साहेब गाडीतून उतरले. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाईल, आणि हातात पिशवीभर पिकून काळी पडलेली केळी.

"साहेब, हे कशाला?"

"चाचणी. प्रत्येक पेटीच्या दाराशी केळं कुस्करून लावायचं. धोक्याचा वास येऊनही माश्या शांत, म्हणजे पेटी पास."

"अहो, हे दिवस गांधीलमाश्यांचे आहेत. पिकल्या केळ्यावर तुटून पडतील त्या. नका करू."

"ताराबाई, चाचणी नियमात दिलीय तशीच होणार. आणि ती रॅकेट आत ठेवा. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

मी सानिकाकडे बघितलं. ती इतकी खुशीत होती! मी रॅकेट आत ठेवली.

साहेबांनी बावीस दारांना केळं फासलं. एक माशी हलली नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सानिकानं जाळी डोक्यामागं टाकली, हातमोजे काढले आणि पाच नंबरच्या पेटीतली चौकट उघड्या हातांनी वर उचलली. माश्या तिच्या बोटांवरून चालत होत्या. "आई, गुदगुल्या होतात गं!" असं ती ओरडली. अठरा वर्षांत तिला मी असं हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जाऊ दे मेलं सगळं, होऊ दे प्रमाणपत्र.

पंधरा मिनिटांत पहिली गांधीलमाशी आली. मग पाच, मग पंधरा-वीस. आधी केळ्यावर बसल्या, मग त्यांच्या ध्यानात आलं की दारात कोणी अडवतच नाही. एकेक गांधीलमाशी दारात बसायची, येणारी माशी धरायची, डोकं कापायची, टाकायची, दुसरी धरायची. शेजारच्या माश्या बाजूला उभ्या. कोणी पुढे होत नव्हतं, कोणी पळतही नव्हतं. तीन नंबरच्या पेटीखाली बोटभर थर साचला. मी आतून रॅकेट आणली आणि वेड्यासारखी मारत सुटले, पण बावीस पेट्यांना एक बाई किती पुरणार?

"आई, या काहीच का करत नाहीत?" सानिकाचा आवाज फाटला होता.

"कशा करतील? त्यांना कळलंच नाही अजून. बातमी पोचू द्यायची नाही असं तूच ठरवलंस ना?"

बोलले आणि माझी मलाच लाज वाटली. मी पुढं म्हटलं, "आणि मला परवापासून माहीत होतं. तू जाशील म्हणून बोलले नाही."

"यंत्र नसलेल्या माश्या काय करतात?" एवढंच ती म्हणाली. मग एकदम वळली आणि गोठ्याकडे पळाली.

"सानिका! तिकडं ढोली आहे! अगं जाळी घे तोंडावर!"

मी पोचले तेव्हा ती ढोलीपासून तीन हातांवर उभी होती. जाळी ओढली होती, एवढं नशीब. एक गांधीलमाशी ढोलीच्या तोंडाशी उतरली. सळसळ उठली. दुसऱ्या क्षणी शे-दोनशे माश्यांनी तिच्यावर झेप घेतली आणि लिंबाएवढा गोळा झाला. सातेरी माशी गांधीलमाशीला नांगीनं मारत नाही, तिचं कवच कठीण. त्या तिला मधे घेतात आणि पंखांचे स्नायू थरथरवून गोळा तापवतात. सानिकानं खिशातलं तापमान बघायचं यंत्र त्या गोळ्यावर धरलं.

"चव्वेचाळीस... पंचेचाळीस... शेहेचाळीस." ती कुजबुजली. "आई, ती शिजतेय."

गोळा सुटला. मेलेली गांधीलमाशी खाली पडली. माश्या उठून आपापल्या कामाला लागल्या.

आम्ही दोघी धावत पेट्यांकडे आलो. मी एक नंबरच्या झाकणाला हात घातला आणि माझा हात तिथंच थांबला. यंत्र काढलं की या बावीस पेट्या जाग्या होणार, चिडलेल्या, सूडाला पेटलेल्या. आणि पोर मधोमध उभी.

कुलथे साहेब गाडीच्या काचेआडून ओरडले, "ताराबाई, एक जरी यंत्र काढलंत तर प्रमाणपत्र रद्द! तीन वर्षं अर्ज करता येणार नाही!"

"मरू दे तुमचं प्रमाणपत्र!" मी ओरडले. पण हात काही हलेना. "सानिका, तू गाडीत बस. काचा लाव."

"बावीस पेट्या एकटी किती वेळात उघडशील?"

"ते माझं मी बघेन. जा म्हणते ना!"

"नाही जाणार." तिनं मोजे चढवले. "अठरा वर्षं जातेच आहे. हे माझं घर आहे, आणि ही घाण मी बनवलीय. तू वरून ये, मी खालून येते."

पाहुणे केव्हाच आपल्या बसमध्ये शिरले होते. उतारावर आम्ही दोघीच. मी वरून, ती खालून. झाकण उचल, यंत्र उपट, फेक, पुढची. मिशांतला तो रेणू निघून जायला दहाएक मिनिटं लागतात, हे तिनंच मला सांगितलेलं. ती दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. मग आठ नंबरच्या दारात सळसळ उठली. मग बारा नंबरला. पहिला गोळा झाला तेव्हा मी एकटीच मोठ्यानं शाबास, शाबास असं ओरडत होते.

तेवढ्यात सानिका म्हणाली, "आई, लागलं."

मनगटावर, मोजा आणि बाही यांच्या फटीत. मी तिच्या कमरेच्या पिशवीतलं इंजेक्शन काढलं. मी ते मांडीत खुपसलं, कपड्यावरूनच. तिला खांद्यावर टाकून कुलथे साहेबांच्या गाडीत घातलं. साहेबाचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण गाडी त्यानं काय हाणली, ते मात्र मानलं पाहिजे.

पसरणीच्या घाटात सानिकाचे ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. आणि अशा अवस्थेत ती मागच्या सीटवरची फाईल ओढायला लागली.

"काय करतेस? गप्प पड! श्वास घे!"

"पेन दे."

"सानिका!"

"आई, पेन दे."

दिलं. कधीच कोणाचं ऐकलं नाही तिनं, माझ्यावरच गेलीय. सुजलेल्या बोटांनी तिनं प्रमाणपत्राच्या फॉर्मवर आडवं लिहिलं, 'शांतक बसवलेली वसाहत स्वतःचं रक्षण करू शकत नाही. या यंत्राला दिलेली शिफारस मी मागे घेते.' खाली सही. वाकडीतिकडी, पण पूर्ण नाव.

कुलथे साहेबांनी आरशातून बघितलं. "मॅडम, तुमची दहा वर्षांची मेहनत आहे ही. नोकरी जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली. "गाडी जोरात घ्या."

डॉक्टर शेवाळे म्हातारे झालेत, पण हात अजून स्थिर आहे. संध्याकाळपर्यंत सानिकाचा श्वास मोकळा झाला. पाच पेट्या मेल्या, सतरा जगल्या. सानिकाची नोकरी गेली. प्राधिकरणानं मला तीन वर्षांची बंदी घातली आणि तसा कागदही पाठवला. मी रस्त्यावर पाटी लावली, 'इथं माश्या चावतात. ज्याला भीती वाटत नाही त्यानं यावं. पैसे घेतले जाणार नाहीत.' लोक येतात. मी अजून त्यांना जमिनीवर बसवते. बंदीवाल्यांनी यावं आणि उठवावं.

पण घरी येण्याचं काय? यंत्र गेलं, आणि पोर पुन्हा वाईच्या बहिणीकडे. मी पुन्हा मंगळवारची बस धरायची, लुगडं बदलायचं. खोटं कशाला बोलू, दवाखान्याच्या बाकावर बसून मी मंगळवारच मोजत होते.

डॉक्टरांनी तिला घरी सोडताना चष्मा काढला. "सानिका, अठरा वर्षांपूर्वी मी एक उपाय सांगितला होता. आठवतो?"

तिनं मान खाली घातली. मला तर कोणी काही सांगितलेलं आठवत नव्हतं. पोरीनं माझ्यापासून लपवलं होतं.

उपाय असा, की माशीचंच विष सुईनं अंगात घ्यायचं. आधी डंखाच्या हजाराव्या भागाएवढं, मग हळूहळू वाढवत. दवाखान्यातच, डॉक्टर शेजारी उभे असताना. तीन वर्षं, कदाचित पाच. शरीर शिकतं. बहुतेकांचं शिकतं, सगळ्यांचं नाही. मधे कधी त्रासही होतो.

"तेव्हा का नाही म्हणालीस?" मी विचारलं.

"ते विष अंगात घ्यायचं म्हटलं की माझा श्वास बंद व्हायचा, आई. मला वाटलं, त्यापेक्षा माश्यांनाच बदलू."

 तिला जे वाटलं ते मलाही वाटलंच होतं की, म्हणून तर ती यंत्रं मी बसवली.

पुढच्या मंगळवारी सानिका शेवाळ्यांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसली. तिनं स्वतःच बाही वर केली. कपाळावर घामाचे थेंब, ओठ घट्ट मिटलेले. मी शेजारी उभी, आणि या वेळी तिचा हात माझ्या हातात होता. नर्स नवीन होती, कोवळी पोरगी. सुई भरून ती थांबली.

"ताई, भीती वाटतेय का?"

"वाटतेय," सानिका म्हणाली. "टोचा."